टाकी भरलेली, गाडी बंद

तिला सगळे माशीवाली म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मधाच्या पेट्यांवरच तिचं घर उभं राहिलं होतं, मुलीचं शिक्षण झालं होतं, आणि नवरा आजारपणाने घरी बसला तेव्हा चूल पेटती राहिली तीही त्याच पेट्यांमुळे.

खरं तर माश्या तिच्याकडे आल्या नवऱ्याच्याच गाडीतून. तो पिकअप चालवायचा. पत्रे, कपाटं, कोंबड्यांचं खाद्य, मिळेल तो माल उचलायचा. अड्ड्यावरचे ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणत. चालू इंजिनाशेजारी नुसता उभा राहायचा, खिशातला हातही बाहेर काढायचा नाही, आणि म्हणायचा, "तिसरा प्लग बघ." तिसराच निघायचा. एका दुपारी हा उस्ताद घरी आला तो गाडीतून उतरेचना. काचा वर करून आत बसून राहिला आणि हॉर्न वाजवत सुटला. ती बाहेर येऊन बघते तर गाडीच्या मागच्या बाजूला, स्टेपनीवर, माश्यांचा घोळका लोंबत होता, चांगला कलिंगडाएवढा. तिने आरडाओरडा केला नाही. जुनी चादर डोक्यावरून घेतली, साबणाचा रिकामा खोका खाली धरला आणि हाताने तो घोळका खोक्यात उतरवून घेतला, परातीत पीठ घ्यावं तसा. चार-दोन चावल्या. नवरा काचेआडून डोळे फाडून बघत होता. माश्या खोक्यात गेल्यावर त्याने काच बोटभर खाली केली आणि म्हणाला, "हे बघ, आपलं ठरलं. इंजिन माझं, माश्या तुझ्या. मी त्यांच्या वाटेला जाणार नाही, तू बोनटला हात लावायचा नाहीस."

ती वाटणी पुढे वर्षानुवर्षं टिकली. एका खोक्याच्या पेट्या झाल्या, पेट्यांची रांग झाली. फुलोरा संपला की पेट्या गाडीत भरायच्या आणि दुसरीकडे फुललेल्या रानात नेऊन ठेवायच्या. गाडी तो चालवायचा, काच मात्र भर उन्हाळ्यातही बंद.

मग एका सकाळी दात घासता घासता तो नळापाशीच कोसळला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि शब्द गेले. गेले म्हणजे सगळे नाही. "बरं बरं" राहिलं, "च्यायला" राहिलं, तेही अगदी खणखणीत, आणि बाकी जे तोंडातून निघायचं त्याचा मनातल्या गोष्टीशी मेळ नसायचा. मीठ हवं असलं की "चप्पल" म्हणायचा. मुलीला "गियर" म्हणून हाक मारायचा. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "त्यांना सगळं समजतंय. आत शब्द आहेत, फक्त बाहेर येताना वाट चुकतात. तुम्ही बोलत राहा."

पहिले काही महिने ती बोलत राहिली. पण जो माणूस प्रत्येक गोष्टीला "बरं बरं" म्हणतो त्याच्याशी किती बोलणार? अड्ड्यावरचे मित्र आधी रोज यायचे, मग सणावारी, मग रस्त्यात भेटले तर हात वर करायचे. तीही हळूहळू त्याच्याशी कामापुरतं बोलायला लागली. उठा. जेवा. हात वर करा.

गाडी दारात उभी होती. विकावी असं सगळ्यांनी सांगितलं. पण पेट्या हलवायला भाड्याची गाडी कुणी देईना. माश्या म्हटलं की ड्रायव्हर हात जोडायचे. शेवटी ती स्वतःच गाडी शिकली. मोकळ्या मैदानात पडत-धडपडत, गियरचा खडखडाट करत. नवरा शेजारच्या सीटवर बसून प्रत्येक चुकीच्या गियरला "च्यायला" म्हणायचा. त्या दिवसांत दोघं थोडं हसलेसुद्धा.

गाडीने दगा द्यायला सुरुवात केली ती गेल्या हिवाळ्यात. सकाळी चोक ओढून चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. गावातल्या गावात फिरली तर काही तक्रार नाही. पण लांब निघालं की मध्येच ढुसण्या द्यायला लागायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी जोर धरायची नाही, आणि आचके देत बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा जसं काही झालंच नाही.

पहिल्या मेकॅनिकने कार्बोरेटर उतरवला, टाकीतूनच डबाभर पेट्रोल काढून त्यात धुतला, जेट फुंकले, परत बसवला. गाडी त्याच्या दारातून गुणी मुलीसारखी निघाली. आठवड्याने पुन्हा तेच. दुसऱ्याने पहिल्याला शिव्या घातल्या, पॉईंट बदलले, प्लग बदलले, आणि कार्बोरेटर पुन्हा धुतला. मग बंद पडू नये म्हणून स्लो, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवून दिला, तर गाडी उभ्या जागी गुरगुरायला लागली. तो म्हणाला, "बाई, कार्बोरेटरच म्हातारा झालाय. नवा टाका." तसला कार्बोरेटर आता बनत नव्हता. भंगारातून शोधावा लागणार होता. ती शोधत होती.

तेवढ्यात बागवाल्याचा निरोप आला. ज्याच्या फळबागेच्या बांधावर पेट्या ठेवल्या होत्या तो माणूस वाईट नव्हता. बागेवर कीड पडली होती. "परवा सकाळी फवारणी आहे," तो म्हणाला. "औषध जहाल आहे. तुमच्या माश्या इथे राहिल्या तर एक वाचणार नाही. मी थांबलो असतो, पण माझी बाग जाते."

तिने मान डोलावली. भांडण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर तिने एकेका पेटीचं दार बंद केलं, वर झाकणाऐवजी जाळी लावली आणि पेट्या गाडीत चढवल्या. टाकी काठोकाठ भरून घेतली, कारण वाटेत कुठे थांबायचं नव्हतं. घाट चढून गेलं की वर पठार होतं, तिथलं रान फुललं होतं. उजाडताना निघालं की ऊन चढायच्या आत पोचता येतं. माश्या अशा बंद पेट्यांत राहू शकतात, पण गारव्यात आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यात. उन्हात गाडी उभी राहिली तर पेटी म्हणजे भट्टी. माश्या पंख हलवून हलवून वारा घालतात, त्या हलण्यानेच आणखी तापतात, मग मेण वितळतं आणि आपल्याच मधात बुडून मरतात.

नवऱ्याला घरी एकटं ठेवता येण्यासारखं नव्हतं. त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, पाण्याच्या बाटल्या पायापाशी ठेवल्या आणि पूर्वेला फटफटायला लागलं तशी ती निघाली.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा अजून गारवा होता. एरवी निदान निम्मी वाट तरी निघायची. आज मोठा रस्ता लागला नाही तोच ढुसण्या सुरू झाल्या. ती थांबली, मनातल्या मनात सगळ्या मेकॅनिकांचा उद्धार केला, पुन्हा चावी फिरवली. चालू झाली. मग पुन्हा बंद. मग पुन्हा. थांबण्याचा वेळ वाढत गेला आणि चालण्याचा कमी होत गेला. सूर्य वर आला. घाटाच्या पायथ्याशी, जिथून चढण सुरू होते तिथे, गाडीने शेवटचा आचका दिला आणि ती रस्त्याच्या कडेला घरंगळत जाऊन उभी राहिली.

झाड नव्हतं. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला रस्त्याचं काम चाललेलं. डांबराचा ड्रम धुमसत होता, माणसं फावडी घेऊन खडी पसरत होती.

तिने बोनट उघडलं. वाटणी केव्हाच मोडली होती. प्लगची एक तार काढून ठिणगी बघितली, निळी, जोरदार. म्हणजे करंट होता. मग एअर फिल्टरचा डबा काढून बाजूला ठेवला, कार्बोरेटरच्या तोंडात डोकावून अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने ओढली. पेट्रोलची धार उडायला हवी होती. एक थेंब उडाला नाही. दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावला.

"चोक ओढून बघा."

"ओढला."

"मग जेट अडकला असणार. कचरा आला असेल. मी आधीच म्हटलं होतं, तो कार्बोरेटरच..."

तिने फोन बंद केला. वरचे स्क्रू सोडवले. इंजिन तापलेलं, बोटं भाजत होती. कार्बोरेटरचं वरचं झाकण उचललं आणि आतल्या कप्प्यात बघितलं. तिथे पेट्रोल साठायला हवं, त्यावर पितळी तरंगता गोळा हलायला हवा. कप्पा कोरडा ठणठणीत होता. गोळा तळाशी बसलेला.

म्हणजे कचरा नव्हता, जेट अडकला नव्हता. पेट्रोल इथवर येतच नव्हतं. टाकी काठोकाठ भरलेली आणि इथे एक थेंब नाही. तिने पेट्रोलचा फिल्टर काढून फुंकून बघितला; फुंकर आरपार गेली. मग पंप गेला असणार, तिला वाटलं. आणि पंप गेला असेल तर संपलंच. इथे रस्त्याच्या कडेला पंप कुठून आणणार?

खिडकीतून नवरा मान वाकडी करून सगळं बघत होता. तिने कार्बोरेटरचं झाकण उचलल्यापासून तो चुळबुळ करत होता. आता त्याने डाव्या हाताने दार उघडलं आणि पाय ओढत खाली उतरला.

"चमचा," तो म्हणाला. "चमचा... पावसाळा... च्यायला!"

"अहो, बसा आत. ऊन आहे."

"चमचा!" त्याने गाडीच्या मागच्या बाजूला हात केला.

मागच्या बाजूला पेट्या होत्या. त्याने हात केला म्हणून तिचं लक्ष गेलं. पेट्यांमधून येणारा आवाज बदलला होता. सकाळपासून एकसुरी गुणगुण होती, आता एखादी चक्की फिरावी तशी घरघर चालली होती. तिने जाळीवर तळहात ठेवला. आतून गरम वाफ आली.

प्यायचं पाणी होतं ते तिने जाळ्यांवर शिंपडलं. बघता बघता दोन बाटल्या संपल्या. कामावरची एक बाई हे बघत होती. डोक्याला फडकं बांधलेली, हाताला डांबर लागलेली. ती डांबराच्या ड्रमापाशी ठेवलेली पाण्याची बादली उचलून घेऊन आली.

"काय आहे आत?"

"मधमाश्या. उन्हाने मरतायत."

"मग उघड ना दारं! जाऊ देत बाहेर."

तेच तर करता येत नव्हतं. तापून पिसाळलेल्या एवढ्या माश्या एकदम बाहेर पडल्या असत्या तर समोरची सगळी माणसं फोडून काढली असती. "तुम्ही सगळे इथे आहात," माशीवाली म्हणाली. "एकही धड घरी जाणार नाही."

बाईने एकदा पेट्यांकडे बघितलं, एकदा आपल्या माणसांकडे. "मुकादमाला सांगते, आम्ही लांब सरकतो. पण डांबर गरम आहे, सोडून किती लांब जाणार?" ती गेली. माणसं थोडी सरकलीही. तेवढ्याने भागणार नव्हतं.

बादलीही संपली. मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती.

"आई, पोचलात?"

"नाही."

"पुन्हा बंद पडली? आई, मी किती वेळा सांगितलं, सोड ते सगळं. बाबांना घेऊन इकडे ये."

"आत्ता नको, बाळा. आत्ता नको." तिने फोन ठेवला.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. "ओढून नेऊ का?" म्हणत खाली उतरला, मागे गेला, आणि आत काय आहे हे कळताच उतरला त्याच्या दुप्पट वेगाने वर चढला. "बाई, माफ करा, मला पोरंबाळं आहेत," असं ओरडत निघूनही गेला.

त्याच सुमारास खालच्या रांगेतल्या एका पेटीतून मधाची तार लोंबायला लागली. गाडीच्या फळीवरून ती रस्त्यावर पडत होती, सोनेरी, दाट, धुळीत मिसळत. ती पेटी गप्प झाली होती.

नवरा अजून तिच्या मागे मागे पाय ओढत फिरत होता. "चमचा... अगं चमचा..." त्याने तिचा दंड धरला आणि ओढला. तिने हिसडा देऊन सोडवून घेतला.

"काय चमचा चमचा लावलंय?" ती किंचाळली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "एवढं सगळं मरतंय आणि तुम्हाला चमचा हवाय! काही करता येत नाही तर निदान गप्प तरी बसा! त्या दिवशी नळापाशीच गेला असतात ना, तर सुटला असतात. मीही सुटले असते!"

शब्द बाहेर पडले. तिचे तिलाच ऐकू आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांना सगळं समजतंय.

तो तिच्याकडे बघत राहिला. तोंडाचा डावा कोपरा थरथरला, उजवा तसाच लोंबलेला. तो वळला, गाडीकडे तोंड करून, कठड्याला धरत धरत आडवा सरकत केबिनपर्यंत गेला. तिला वाटलं आता आत बसेल. ती डोकं धरून रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. रडूही येईना.

तो परत आला. डाव्या हातात पाण्याची शेवटची बाटली होती, अर्धी भरलेली, पातळ प्लास्टिकची. तिच्यासमोर उभा राहून त्याने बाटलीचं तोंड ओठांत घट्ट धरलं आणि पाणी ओढायला लागला. गिळलं, आणखी ओढलं. बाटली कडकड वाजत आत दबली, चपटी झाली. गालांना खळगे पडले तरी तो ओढत होता. मग त्याने ओठ सोडले. हवा आत गेली, बाटली टप्पकन फुगली. त्याने बाटलीने गाडीच्या मागच्या बाजूला दाखवलं.

"माश्यांना पाणी घालू? एवढंच राहिलंय," ती म्हणाली.

"च्यायला!" त्याने पुन्हा तेच केलं. ओढलं, बाटली दबली, सोडलं, फुगली. मग बाटली तिच्या तोंडाशी आणली आणि ओठांवर दाबली. ओढ, असं डोळ्यांनी सांगितलं.

भांडायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने ओढलं. दोन घोट आले, मग बाटली चपटी होऊन ओठांना चिकटली, आणि कितीही ओढलं तरी पाणी येईना. बाटलीत पाणी होतं. तोंडापर्यंत येत नव्हतं.

बाटली ओठांना तशीच चिकटलेली असताना तिने नवऱ्याकडे बघितलं. मग गाडीकडे.

कोरडा कप्पा. भरलेली टाकी. पंप ओढतोय, ओढतोय, आणि वरून हवा आत जायला वाटच नाही.

हिवाळ्यात रात्री कुणीतरी नळी घालून टाकीतलं पेट्रोल चोरायला लागलं, म्हणून तिने कुलपाचं नवं झाकण आणून बसवलं होतं. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं, पण घट्ट बसणारं. इतकं घट्ट बसलं म्हणून ती तेव्हा खूश झाली होती. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, हे तिने कधी बघितलंही नव्हतं. आणि मेकॅनिक दरवेळी कार्बोरेटर धुवायला टाकी उघडायचे, त्यामुळे त्यांच्या दारात गाडी सुरळीत चालायची. आज टाकी काठोकाठ होती. आत हवाच नव्हती, म्हणून इतक्या लवकर गळा आवळला.

हे सगळं तिने नंतर जुळवलं. त्या क्षणी ती फक्त धावली. केबिनमधून चावी काढली, मागच्या बाजूच्या टाकीच्या झाकणाच्या कुलपात घातली, फिरवली. झाकण निघेना, जणू आतून कुणी ओढून धरलंय. तिने दोन्ही हातांनी पिळलं आणि ते सुटलं. सूंऽऽ करून टाकीने हवा आत ओढली. तो आवाज कितीतरी वेळ चालला होता.

मागे वळून बघितलं तर नवरा कठड्याला धरून उभा होता आणि डाव्या हाताने कपाळावर मारून घेत होता. "झाकण," तो म्हणाला. "झाकण, झाकण, झाकण." शब्द आता सापडला होता त्याला.

कार्बोरेटर परत बसवण्याच्या घाईत एक स्क्रू खडीत पडला. तो शोधायला वेळ नव्हता, बाकीचे आवळले. चावी फिरवत राहिली, बॅटरीचा आवाज जड व्हायला लागला, आता हीसुद्धा बसणार असं वाटलं, आणि इंजिन एकदम धडधडलं. कामावरची बाई लांबून हात उंचावून काहीतरी ओरडली. माशीवालीने झाकण टाकीवर नुसतं टेकवलं, त्यावर फडकं बांधलं, नवऱ्याला आत ढकललं आणि गाडी घाटाला लावली.

तो घाट तिला पुढे कधी नीट आठवला नाही. प्रत्येक वळणावर टाकीतून पेट्रोल हिंदकळायचं, वास केबिनमध्ये भरायचा, आणि ठिणगी पडली तर काय होईल हा विचार ती ढकलून द्यायची. स्लो वाढवून ठेवलेलं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गुरगुरायचं. मागच्या घरघरीकडे तिचे कान लागले होते. ती घरघर वाऱ्याने जराशी उतरली, म्हणजे बरं वाटायला हवं. पण ती कमी झाली ती गारव्याने की माश्याच कमी झाल्या म्हणून, हे तिला कळत नव्हतं. नवरा समोर बघत बसला होता. एकदाही "च्यायला" म्हणाला नाही.

पठारावर पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. झाडांच्या सावलीत गाडी उभी करून तिने पेट्या उतरवल्या, एकटीने, तोंडावर जाळीचा बुरखाही न घालता. वरच्या रांगेतली दारं उघडली तशा माश्या भसाभसा बाहेर पडल्या, हवेत गोल फिरल्या, नवी जागा ओळखायला लागल्या. मधल्या रांगेत काही पेट्यांतून मूठभर बाहेर आल्या, काहींतून बऱ्याच. खालच्या रांगेतली पहिली पेटी तिने उघडली आणि लगेच झाकली. मेणाच्या चौकटी एकमेकींवर कोसळल्या होत्या. तळाशी मध साचला होता आणि त्यात माश्या, काळ्या, चिकटलेल्या, एकावर एक. पुढची तशीच. तिच्या पुढचीही. जिच्यातल्या राणीपासून तिने गेल्या दोन हंगामांत निम्म्या पेट्या वाढवल्या होत्या, ती पेटीही त्यातच होती. तिने हात घालून राणी शोधली. सापडली, लांब पोटाची, पाय आखडून घेतलेली. राणीला तळहातावर घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली.

निम्म्याहून थोड्या कमी पेट्या वाचल्या. त्यातल्याही काहींत राणी नव्हती. त्या दुसऱ्यांत मिसळाव्या लागणार होत्या. हंगाम हातचा गेला होता. पुन्हा एवढ्या पेट्या उभ्या करायला किती वर्षं लागतील, हा हिशोब तिने सुरू केला आणि सोडून दिला.

संध्याकाळी मुलीचा पुन्हा फोन आला. तिने सगळं सांगितलं, अगदी बाटलीपर्यंत. ती रस्त्यावर जे बोलली होती ते सांगितलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबांना दे."

तिने फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडून काय बोलणं झालं तिला ऐकू आलं नाही. "बरं बरं," तो म्हणाला. "बरं बरं, गियर."

फोन ठेवताना तिचं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत तो सुजून टम्म झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. घाटाखाली कठड्याला धरत तो केबिनकडे गेला होता, तेव्हा तो मेलेला हात कठड्याच्या फटींना घासत गेला असणार. एका पेटीच्या फुटक्या कोपऱ्यातून माश्या त्या फटींतून बाहेर येत असणार. त्या हाताला काही कळत नव्हतं. जन्मभर ज्याने काच खाली केली नाही त्या माणसाला इतके दंश झाले होते आणि त्याला पत्ताही नव्हता.

"अहो, हे बघा काय झालंय," ती म्हणाली.

त्याने हाताकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं.

तिने त्याला गाडीच्या पायरीवर बसवलं, हात आपल्या मांडीवर घेतला. माशीचा काटा चिमटीत धरून काढायचा नसतो, विष आत जातं. नखाने खरवडून काढायचा असतो. ती नखाने एकेक काटा काढायला लागली. अंधार पडायच्या आत व्हायला हवं होतं. तो मान खाली घालून तिच्या बोटांकडे बघत होता.

"मी खाली जे बोलले," ती म्हणाली आणि थांबली. पुढे काय म्हणायचं होतं ते शब्द तिलाही सापडेनात.

त्याचे ओठ हलले. काहीतरी जमवत होता. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. ती वाट बघत राहिली. कोपराजवळ एक काटा खोल गेला होता, तो निघत नव्हता. तिने हात उजेडाकडे वळवला आणि नख पुन्हा कातडीवर टेकवलं.